“आवाज नाही” हा शेरा

२०२५ च्या मे महिन्यात मिरजेहून एका तरुणाचा फोन आला. “ताई, आजोबांच्या भाषणाची फेसबुकची लिंक आहे. त्यात आवाज नाहीये म्हणतात सगळे. पण तीही आता जाणार आहे. काही करता येईल का?”

मी पुण्यात शब्दांकनाचं काम करते. व्याख्यानं, मुलाखती, सभा ऐकून त्यांचा लिखित मजकूर करून द्यायचा. लोकांना वाटतं, ऐकायचं आणि टाइप करायचं. पण निम्मा दिवस फाइल हाती लागण्यातच जातो. माणसं मूळ फाइल जपत नाहीत, लिंक जपतात, आणि लिंक म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलेलं सामान.

इथे तर घरमालकानेच नोटीस दिली होती. फेसबुकने १९ फेब्रुवारी २०२५ पासून लाइव्ह व्हिडिओ ३० दिवसच ठेवायचं ठरवलं. जुने व्हिडिओ काढून टाकण्याआधी व्हिडिओ टाकणाऱ्याला कळवून उतरवून घ्यायला ९० दिवस दिले. कळवलं कोणाला? लॉकडाउनच्या काळात मंडळाच्या ग्रुपवर हे भाषण लाइव्ह दाखवणाऱ्या एका कार्यकर्त्याच्या खात्याला, ज्याने ते खातं कधीच सोडलं होतं. गावोगावच्या मंडळांनी, वाचनालयांनी त्या दोन वर्षांत जे काही बोललं-गायलं ते असंच गेलं असणार. याचा मला अजूनही राग आहे.

मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक ‘शेअर’ची छोटी लिंक होती. ती वायटी-डीएलपीला, म्हणजे व्हिडिओ उतरवून घेणाऱ्या टूलला, दिली की लॉगिनचं पान यायचं आणि खाली “कॅनॉट पार्स डेटा”. अशा वेळी माझा क्रम ठरलेला आहे. आधी टूल अद्ययावत करायचं, कारण साइट आतली रचना बदलते आणि जुनं टूल आंधळं होतं. मग लिंक ब्राउझरमध्ये उघडून पत्त्याच्या पट्टीतला पूर्ण पत्ता घ्यायचा. तरी अडलं तर लॉगिन असलेल्या ब्राउझरच्या कुकीज, म्हणजे लॉगिनच्या खुणा, टूलला द्यायच्या. व्हिडिओ बंद ग्रुपमध्ये असल्यामुळे मुलाने मंडळाच्या परवानगीने मला आधी त्यात घेतलं. तिसऱ्या पायरीला काम झालं. चित्र आणि आवाज वेगवेगळे येतात, मी फक्त आवाज उतरवला. एक तास बारा मिनिटं.

ती फाइल व्हिस्परला, म्हणजे बोलणं ऐकून मजकूर करणाऱ्या यंत्राला, दिली. मराठीसाठी मी पहिला कच्चा मसुदा त्याच्याकडून काढते आणि मग कानाने दुरुस्त करते. वीस मिनिटांनी पाहिलं तर पानभर “धन्यवाद, धन्यवाद, धन्यवाद”. शांतता दिली की हे यंत्र गप्प बसत नाही, शिकवणीत ऐकलेलं काहीतरी घोकत राहतं. म्हणजे फाइल मुकी. मी तक्त्यात नेहमीचा शेरा लिहिला: आवाज नाही. मुलाला कळवण्यासाठी फोन हातात घेतलासुद्धा.

थांबले ते पडद्यावरच्या लहरीमुळे. मूळ फाइलच्या डाव्या-उजव्या दोन्ही पट्ट्यांत लहरी चांगल्या भरदार होत्या. मुक्या फाइलची रेघ सपाट असते. हेडफोन लावले आणि आवाज आला! विचित्र, डोक्याच्या मागून आल्यासारखा, पण स्वच्छ. एक म्हातारा माणूस सांगत होता, तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचाच का घ्यायचा.

लहरी मोठ्या करून पाहिल्या. डावीकडे शिखर तिथे बरोबर उजवीकडे दरी. सभागृहातल्या मिक्सरची बॅलन्स्ड लाइन कोणीतरी साध्या स्टिरिओ पिनेने लॅपटॉपला जोडली होती. अशा लाइनमधून एकच आवाज दोन तारांवर जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. पुढचं यंत्र एकातून दुसरा वजा करतं. त्यात आवाज दुप्पट होतो आणि वाटेत दोन्ही तारांनी सारखी उचललेली खरखर कटते. पण तेच दोन आवाज डावा-उजवा समजून घेतले आणि नंतर एकत्र मिसळले, तर ते एकमेकांना खाऊन टाकतात. एका स्पीकरचा फोन तेच करतो. व्हिस्परला देण्याआधी आवाज १६ किलोहर्ट्झचा मोनो, म्हणजे दोन्ही बाजू मिसळून एकच, केला जातो, त्यातही तेच होतं. म्हणून मोबाइलवर ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते भाषण मुकं वाटलं. चार वर्षं.

सोपा उपाय म्हणजे फक्त डावी बाजू घ्यायची. मी तसं केलं नाही. एफएफएमपेग या आवाज-चित्रावर काम करणाऱ्या टूलमध्ये डाव्यातून उजवी वजा केली, म्हणजे जे काम त्या संध्याकाळी व्हायला हवं होतं ते चार वर्षांनी केलं. तारांनी वाटेत उचललेली खरखर बरीच खाली गेली आणि आजोबांचा आवाज समोर येऊन बसला.

मग व्हिस्परने मराठी दिलं, पण ‘जवारी’ची, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेला मिळणाऱ्या घुमाऱ्याची, सगळीकडे ‘ज्वारी’, ‘खर्जा’चा ‘खर्च’, ‘शिकलगारां’चे ‘शिकणार’. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंतुवाद्यांकडे कसे वळले, हा भाषणातला सगळ्यात सुंदर भाग, आणि कच्च्या मसुद्यात तो शेतीच्या हिशोबासारखा दिसत होता. ते सगळं मी ओळीओळीने ऐकून लावलं. जवारीसाठी तारेखाली दोरा सरकवतानाचं वर्णन मी पाच वेळा ऐकलं. मध्येच ते थांबतात, तार छेडतात आणि म्हणतात, “आता बघा, उघडली.” ती उघडलेली तार मलाही ऐकू आली.

मजकूर आणि दुरुस्त फाइल पाठवल्यावर मुलाचा फोन आला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबांनी त्या रात्री फोनवर लावून बघितलं होतं. म्हणाले, मी माईक तोंडापासून लांब धरला असेल. शेवटपर्यंत तेच म्हणायचे.”

ती पिन जोडणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. दोष आहेच. दहा मिनिटं आधी मोनोत ऐकून बघणं हे ध्वनिवाल्याचं काम आहे, आणि आपल्याकडे ते फारच थोडे करतात. पण मीही त्याच शेऱ्यावर बोट ठेवून उठणार होते.

२०२२ पासूनच्या माझ्या तक्त्यात “आवाज नाही” अकरा ठिकाणी आहे. काम संपल्यावर महिन्याभरात फाइल पुसायची असा माझा नियम, त्यामुळे सहा गेल्या. पाच जुन्या डिस्कवर सापडल्या. काल तीन उघडल्या. दोन खरंच सपाट होत्या. तिसरीत डावीकडे शिखर, उजवीकडे दरी, आणि नाशिकच्या एक बाई बोलत होत्या. त्यांचा नंबर तक्त्यात आहे. उद्या सकाळी पहिला फोन त्यांना करायचा आहे.