बारूद खाऊन आलेली माणसं

हाँगकाँगच्या चा चान तेंगमध्ये, म्हणजे तिथल्या आपल्या उडपी हॉटेलात, दुपारी एकच्या गर्दीत जेवायचं तर कातडी जरा जाड लागते. वेटर चहाचा पेला टेबलावर आदळतो, थोडा चहा बशीत सांडतो. 'काय पाहिजे?' विचारतो आणि तुम्ही मेनूकडे बघेपर्यंत पुढच्या टेबलाशी पोचतो. मग गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे वळून पुटपुटतं, 'सिक चो फो योक.' बारूद खाऊन आलाय!

हाँगकाँगच्या या कँटोनीज बोलणाऱ्या लोकांची ही खोड मला फार आवडते. खेकसणाऱ्याचे संस्कार काढायचे नाहीत, खानदानात शिरायचं नाही. सगळा ठपका तोंडावर, नाहीतर तोंडात गेलेल्या वस्तूवर. शिवराळ माणूस 'हाउ चाउ', म्हणजे तोंडाला घाण येणारा. खऱ्या मुखदुर्गंधीलाही हाच शब्द, त्यामुळे नेमकं काय म्हणायचंय ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. मग्रुरीनं टोचून बोलणारा नुसताच 'छ्युन'. आणि अखंड वटवट करणाऱ्याच्या तोंडात म्हणे चहापेक्षा थुंकी जास्त.

अभद्र बोलणाऱ्याचं तोंड कावळ्याचं: 'वू आ हाउ'. आपल्याकडे नाऱ्याला शुभ बोल म्हणावं, तर तो मांडवाला आग लागली म्हणून मोकळा होतो आणि आपण कपाळावर हात मारतो. तिकडे त्यावर तोडगा आहे. घरातली आजी लगेच दरडावते, 'थुंक आणि पुन्हा बोल!' अपशकुनाची धास्ती इतकी की जिभेचंसुद्धा बारसं नव्यानं केलंय. जीभ या अर्थाचा जुना शब्द 'सित', त्याचा उच्चार 'तोटा' या अर्थाच्या शब्दासारखा. म्हणून खाटकाकडे डुकराची जीभ मागताना म्हणायचं 'लेई', त्यात नफ्याचा नाद आहे. व्यापारी लोक, दुसरं काय!

चिनी नववर्षाचा तिसरा दिवस तर 'छेक हाउ', लाल तोंडाचा. त्या दिवशी तोंडाला तोंड लागतं, वादावादी होते, म्हणून कुणी कुणाकडे जात नाही. भांडणाला पंचांगात दिवस राखून ठेवण्याचा हा व्यवहारीपणा मला भलताच पटतो. घरात बसण्याऐवजी लोक हाँगकाँगमधल्याच शा तिन भागातल्या छे कुंग या देवाच्या देवळात जातात आणि नशीब पालटावं म्हणून तिथली पितळी भिरभिरी फिरवतात. पाहुण्यांशी होणारं भांडण त्यामुळे टळतं. देवळाच्या रांगेत मध्येच घुसणाऱ्याशी होतं, ते वेगळं.