कॉकच्या रबराला लावलेलं ग्रीस

सकाळी साडेसातला काकांचा फोन. "अरे, गाडी परत बंद पडली रे. चार-पाच किलोमीटर मस्त चालते, मग गचके देते आणि बसते. दोन मिनिटं थांबलो की पुन्हा सुरू."

पोटात गोळाच आला, कारण पंधराच दिवसांपूर्वी ती गाडी माझ्या हातून पूर्ण होऊन गेली होती. १९७२ ची दोन सिलिंडरची मोटारसायकल, कित्येक वर्षं शेडमध्ये उभी, टाकी आतून गंजलेली. टाकी, कार्बोरेटर, पॉइंट, केबल सगळं केलं आणि शेवटी पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ, नवीन किट टाकून बांधून दिला. कॉकमधलं जुनं सील काढलं तेव्हा ते रबर राहिलंच नव्हतं, नखाने दाबलं तर टक् आवाज यायचा. होतं काय, रबर मऊ राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं ते पेट्रोल वर्षानुवर्षं हळूहळू ओढून घेतं, आणि मग टाकी कोरडी पडली की रबर आकसतं, कडक होतं, चिरा पडतात. त्यामुळे नवीन सील टाकण्यावाचून इलाज नव्हता.

म्हटलं काका, गाडी घेऊन या, आजच बघतो.

अशी लक्षणं म्हणजे कार्बोरेटरला पेट्रोल पुरत नाहीये, हे ऐकूनच कळतं. कार्बोरेटरच्या बाउलमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, साठलेलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालते, मग थांबलात की हळूहळू परत भरतं. पण लगेच कॉकवर जायचं नाही, आधी टाकीच्या झाकणाचा श्वास बघायचा. झाकणातलं बारीक भोक बुजलं तरी अगदी हेच होतं, टाकीत हवा शिरत नाही त्यामुळे पेट्रोल खाली येत नाही. झाकण उघडं ठेवून पाहिलं, फरक नाही. मग कॉकची नळी कार्बोरेटरकडून काढून मापाच्या भांड्यात सोडली. चांगल्या कॉकमधून सलग धार पडते. इथे थेंब थेंब, आणि मधेच बारीक धार, की परत थेंब. लिव्हर रिझर्व्हवर नेली तरी तेच, आणि फिरवताना ती इतकी जड की मला दोन बोटांऐवजी अख्खा हात लावावा लागला. बंद केली तरी थेंब थांबेना.

ते शेवटचं बघून मी आधी इंजिन ऑइलची डिपस्टिक काढली आणि वास घेतला. पेट्रोलचा वास येत होता, पातळीही वर चढलेली. म्हणजे कॉक रात्रभर गळत होता, बाउल भरला की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई शंभर टक्के बसत नव्हती आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरत होतं. असलं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला काय सांभाळणार? ऑइल त्याच क्षणी काढलं. काकांना सांगितलं की आज गाडी इथेच राहणार, किक पण मारायची नाही. ते काही बोलले नाहीत, सीटवर हात फिरवून स्टुलावर बसले. गाडी त्यांच्या वडिलांची आहे.

टाकी बाहेर उघड्यावर नेऊन पत्र्याच्या डब्यात रिकामी केली आणि कॉक काढला. ज्यांनी हा कॉक आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, आत चार भोकांचं एक गोल सील असतं, बॉडीत बसलेलं, फिरू नये म्हणून त्याला मागे छोटे खुंटे असतात. लिव्हरच्या तोंडावर एक खाच असते. ती खाच फिरून एका जागी मेन आणि बाहेरचं भोक जोडते, दुसऱ्या जागी रिझर्व्ह आणि बाहेरचं, आणि तिसऱ्या जागी काहीच नाही म्हणजे बंद. लिव्हरच्या वर लाटेसारखा वाकडा स्प्रिंग वॉशर, त्यावर पत्र्याची प्लेट आणि दोन स्क्रू. सगळा खेळ त्या वॉशरच्या दाबावर आणि रबर-धातूच्या घसरण्यावर. कोरडं रबर धातूला चिकटतं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली की पहिल्या फिरवण्यात लिव्हर त्याला ओढते, भोकांमधली बारीक पट्टी फाटते. म्हणून तिथे वंगण लागतंच, आणि मी लावलं होतं, सिलिकॉन ग्रीस. हे ग्रीस रबराला काही करत नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं, पाण्याच्या नळाला वर्षानुवर्षं तेच लावत आलेलो.

प्लेट उघडली. सील फुगून वर आलेलं, चारही भोकं आतून आवळलेली, मेनचं भोक जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढं राहिलेलं. दोन भोकांमधली पट्टी फाटलेली, बंद असताना गळत होतं ते तिथूनच. आणि खालच्या गाळाच्या वाटीत पांढरट जेलीसारखा गोळा, बोटाने चोळला तर किंचित खरखरीत. ते माझंच ग्रीस होतं. सिलिकॉनचं तेल पेट्रोलमध्ये विरघळतं, तेल निघून गेलं आणि ते घट्ट ठेवण्यासाठी जी बारीक सिलिका घातलेली असते ती मागे राहिली. थोडी पुढे कार्बोरेटरच्या बाउलमध्येसुद्धा सापडली, जेटच्या अगदी शेजारी.

पण रबर फुगलं ते ग्रीसमुळे का रबरच चुकीचं, हे मला नक्की करायचं होतं, नाहीतर तीच चूक परत. त्याच किटचं दुसरं न उघडलेलं पाकीट माझ्याकडे होतं. तीन काचेच्या बरण्या घेतल्या, झाकणाच्या, पेट्रोल भरून बाहेर सावलीत ठेवल्या. एकीत त्या किटचं कोरं सील, ग्रीस न लावता. दुसरीत ओळखीची नायट्राइल रबराची ओ-रिंग, म्हणजे सीलसाठीचं गोल कडं. तिसरीत एफकेएमची, म्हणजे बरेच जण ज्या रबराला व्हिटॉन म्हणतात त्याची. टाकण्याआधी सगळ्यांची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवली. पेट्रोलच्या आणखी एका मोठ्या बरणीत पत्र्याच्या तीन पट्ट्यांवर तीन वंगणं लावून बुडवली, तेच सिलिकॉन ग्रीस, साधी पेट्रोलियम जेली, आणि एका मित्राने दिलेल्या छोट्या ट्यूबमधलं पीएफपीई ग्रीस, ते फ्लोरिनवालं, पांढरं.

दुपारी बाराला बुडवलं. काका जेवून परत आले आणि बरण्यांसमोर बसले, मी त्या वेळेत सीलच्या जागा बघत होतो. जस्ताच्या ओतीव बॉडीवर बारीक खड्डे होते, ते मी मागच्या वेळी नुसते पुसून सोडले होते, ही पण माझीच घाई. काचेवर हजार नंबरचा पेपर ओला करून ठेवला आणि लिव्हरचं तोंड त्यावर आठच्या आकड्यासारखं फिरवत बसलो, सगळीकडे एकसारखा रंग येईपर्यंत. बॉडीच्या आतला भाग असा घासता येत नाही, तिथे सपाट तोंडाच्या लाकडी दांड्याला पेपर चिकटवून काम केलं. याला वेळ लागतो पण खरबरीत धातूवर कसलंही ग्रीस लावा, रबर किसलं जाणारच.

संध्याकाळी सहाला बरण्या उघडल्या. किटचं सील डोळ्यालाच जाड दिसत होतं, मऊ पडलेलं, व्हर्नियर लावायचीही गरज नव्हती. ओ-रिंगांमध्ये डोळ्याला फरक दिसेना, नायट्राइलची मोजल्यावर किंचित वाढलेली, तेवढं ते फुगतंच आणि त्याने काही बिघडत नाही. काळं रबर दिसायला सगळं सारखंच हो! ईपीडीएम नावाचं रबर ब्रेक ऑइलमध्ये आणि पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं आणि पेट्रोलमध्ये टम्म फुगतं, नायट्राइलचं बरोबर उलटं, पेट्रोल चालतं पण ब्रेक ऑइल नाही. पाकिटावर नुसतं रबर सील लिहिलेलं असेल तर हातात घेऊन ओळखणं मला तरी जमत नाही. बरणीतच कळतं.

पट्ट्यांवरची पेट्रोलियम जेली साफ गेलेली. ती मुळात पेट्रोलच्याच कुळातली, राहणार कशी? सिलिकॉनच्या पट्टीवर पांढरट पापुद्रा आणि तळाला तोच गाळ. पीएफपीई मात्र होतं तिथेच, बोट लावलं तर तसंच निसरडं. काका चष्मा कपाळावर चढवून ती पट्टी जवळ धरून बघत होते, म्हणाले, "म्हणजे हे धुतलंच जात नाही?" म्हटलं, पेट्रोलने नाही जात काका.

मग दुसऱ्या ठिकाणाहून एफकेएमचं सील मागवलं, आणि ते आल्यावर तेही रात्रभर बरणीत ठेवलं, मगच हातात घेतलं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुन्या गाडीसाठी मला नायट्राइलपेक्षा एफकेएमच जास्त भरवशाचं वाटतं. बसवताना सीलची बॉडीकडची बाजू कोरडी आणि स्वच्छ ठेवली, कारण त्या बाजूने त्याने धरून बसायचं आहे, फिरायचं नाही. लिव्हरकडच्या बाजूला पीएफपीई, इतकं पातळ की फक्त चमक दिसावी, आणि भोकांच्या कडेला गोळा झालेलं टूथपिकने काढून टाकलं. टाकीकडच्या ओ-रिंगला यातलं काही नाही, ती एकदा बसली की हलत नाही, बसवताना वळू नये म्हणून इंजिन ऑइलचा एक थेंब पुरतो आणि तो धुऊन गेला तरी काही अडत नाही. स्क्रू आलटून पालटून आवळले, वॉशर पूर्ण सपाट होऊ न देता.

फ्लोटची सुई बदलली, कार्बोरेटर धुतला, नवीन ऑइल भरलं. कॉकमधून सलग धार. लिव्हर दोन बोटांनी, तिन्ही जागांवर हलका खटका. रात्रभर कॉकखाली कोरा कागद ठेवला होता, सकाळी तो कोराच होता. काकांनी स्वतः लिव्हर चार-पाच वेळा फिरवून बघितली आणि मग हेल्मेट घातलं.

ते गेल्यावर मी वही काढली. त्याच सिलिकॉन ग्रीसने मी आणखी दोन गाड्यांचे कॉक बांधले होते. दोघांनाही फोन लावला. पहिला म्हणाला गाडी अजून रस्त्यावर आणलीच नाही, कॉक काढून पाठवतो. दुसरा म्हणाला, "माझी तर एकदम छान चालतेय, लिव्हर पण हलकी आहे, कशाला उघडायची?" म्हटलं, तरी आण, दहा मिनिटांचं काम आहे. तो रविवारी आला. सील ठीक होतं, वेगळ्या किटचं. गाळाची वाटी उघडली तर तळाला तोच पांढरा गोळा, हरभऱ्याएवढा.