मावशीचा गुडघा आणि सहा आठवडे पुढे गेलेली तारीख

निपाणीजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मावशीचा उजवा गुडघा बदलायचे ठरले, तेव्हा बेळगावात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून आयुष्याची पंचवीस वर्षे काढलेल्या मी गुडघ्याकडे न पाहता आधी तिला तोंड उघडायला सांगितले. खालच्या दाढेशी हिरडी सुजून पू धरला होता आणि दातांवर मिसरीचा काळा थर होता. "तारीख धरलीया गुडघ्याची, आणि तू दात काय बघतीस गं?" मावशी वैतागली. दाढेतले जंतू रक्तातून नव्या सांध्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून डॉक्टरांनीही दाढेचा निकाल लागेपर्यंत शस्त्रक्रिया थांबवली, तेव्हा घरातल्या सगळ्यांचा रोष माझ्यावर आला.

कृत्रिम सांध्याला जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण शेकडा एक-दोनच असले, तरी तो झाला तर पुढचे हाल मी टेबलाजवळ उभे राहून पाहिले आहेत. गुडघ्यात बसवलेल्या धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशी तिथे पुरेशा पोहोचत नाहीत. इंग्लंडमध्ये एलेक आणि कोनेन यांनी १९५७ साली दाखवून दिले की, निरोगी त्वचेत पू व्हायला लाखो स्टॅफिलोकोकस जिवाणू टोचावे लागतात, पण तिथे रेशमी टाक्याचा धागा असेल तर काहीशे जिवाणूही पुरतात. हे जिवाणू एकदा पृष्ठभागाला चिकटले की स्वतःभोवती बुळबुळीत थर विणतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात. पाणी साठवलेल्या घागरीला आतून जी बुळबुळ धरते, तशीच ही. त्या थराखालचे जिवाणू अँटिबायोटिकला दाद देत नाहीत आणि संसर्ग जुना झाला असेल तर बहुधा सांधाच काढावा लागतो, मध्ये काही आठवडे औषध मिसळलेला सिमेंटचा ठोकळा ठेवावा लागतो आणि मगच नवा सांधा बसतो. म्हणून सारी लढाई जिवाणू चिकटण्याच्या आधीची आहे.

नातेवाईकांचा भरवसा ऑपरेशननंतरच्या गोळ्यांवर असतो. खरे काम मात्र ऑपरेशनच्या आधी, साधारण तासाभराच्या आत शिरेतून दिलेल्या एका डोसाचे असते. सेफाझोलिनसारखे अँटिबायोटिक सुरी लागण्याच्या वेळी रक्तात आणि मांसात भरलेले हवे. गुडघ्याच्या बाबतीत आणखी एक मेख आहे: मांडीला टूर्निके, म्हणजे रक्त रोखणारा पट्टा, बांधून फुगवला की खालचा रक्तप्रवाह थांबतो, त्यामुळे औषध त्याआधीच आत गेले पाहिजे. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलीला मी हे पाठ करून घेतले. शस्त्रक्रिया संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून औषध लांबवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले आहे, तरीही पिशवीभर गोळ्या मिळाल्याशिवाय आपल्याकडे कोणाचे समाधान होत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा वॉर्डबॉय आदल्या रात्रीच वस्तऱ्याने पाय तासून ठेवत असे. त्या बारीक ओरखड्यांमध्ये रात्रभर जिवाणू वाढतात, म्हणून आता केस काढायचेच नाहीत किंवा गरज असेल तर क्लिपरने कापायचे, असा नियम आहे. इम्प्लांटचे खोके सर्जनने माप सांगेपर्यंत उघडायचे नाही, आणि दार उगाच उघडू द्यायचे नाही, कारण प्रत्येक वेळी बाहेरची हवा आणि माणसांच्या कातडीचे कण आत येतात. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी रायटिंग्टन येथे खुब्याचे सांधे बदलताना हवा गाळून घ्यायला सुरुवात केली आणि १९६० च्या दशकात त्यांच्याकडचा संसर्ग शेकडा सातच्या आसपासवरून एकच्याही खाली आला. त्यात हवेखेरीज इतर सुधारणांचाही वाटा होता.

मावशीच्या बाबतीत सगळ्यात अवघड ठरली ती मिसरी. तंबाखूच्या या पट्ट्यात ती सकाळचा चहा सोडेल, पण मिसरी सोडणार नाही. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो, हे तिला पटले नाही; डबी मात्र तिने माझ्या हवाली केली. सहा आठवड्यांत दाढ काढून झाली, रक्तातली वाढलेली साखरही ताब्यात आली आणि मगच ऑपरेशन झाले.

घरी जाताना मिळालेला सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता, आणि मावशीला येते फक्त मराठी. कॅलेंडरच्या पानामागे मी मोठ्या अक्षरांत लिहून दिले: पट्टी भिजवू नये, जखमेवर हळद किंवा राख लावू नये, आणि पाणी झिरपले, गुडघा लाल-गरम झाला किंवा ताप आला तर मेडिकलमधून गोळी न घेता सरळ डॉक्टरांकडे यावे. गोळी आधीच पोटात गेली तर सांध्यातल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाही आणि निदान चुकते.

चौथ्या दिवशी शेजारीण सौंदत्तीच्या यल्लम्माचा भंडारा घेऊन आली आणि पट्टीकडे हात नेऊ लागली. मावशीने तिचा हात धरून वर आणला आणि म्हणाली, "कपाळाला लाव. खाली लावलास तर भाची मला परत दवाखान्यात घालंल."