मतदान तिकडे, मासेमारी इकडे

6 मे 2021 ची पहाट. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या जर्सी बेटाच्या सेंट हेलिअर बंदराबाहेर मासेमारीच्या परवान्यांवरून चिडलेल्या साठेक फ्रेंच मच्छीमार बोटी येऊन उभ्या राहिल्या, लाल फ्लेअर पेटवलेले, आत एक मालवाहू जहाज अडकलेलं, जरा लांब ब्रिटिश नौदलाची सेव्हर्न आणि टॅमार ही दोन जहाजं, आणि फ्रान्सच्याही गस्ती बोटी हजर. दोनच दिवस आधी फ्रान्सच्या सागरी खात्याच्या मंत्री आनिक जिरार्दँ यांनी तिथल्या संसदेत जर्सीच्या विजेचा विषय काढला होता, म्हणजे वेळ आली तर वीज तोडू असाच त्याचा अर्थ सगळ्यांनी घेतला, आणि घाबरण्यासारखंच होतं ते, कारण या बेटाची जवळजवळ 95 टक्के वीज समुद्राखालच्या केबलमधून फ्रान्सहूनच येते. लाखभर लोकांचं बेट. मी त्या दिवशी कितीतरी वेळ ते व्हिडिओ बघत होते आणि मनात एकच येत होतं की या जर्सीकरांनी नक्की काय केलंय?

काहीच केलं नव्हतं. हे सगळं ज्यातून आलं त्या ब्रेक्झिटला, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडण्याला, त्यांनी मतसुद्धा दिलं नव्हतं, कारण देताच येत नव्हतं.

ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून सांगते. जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन ही बेटं युनायटेड किंगडमचा भाग नाहीतच. राजा तोच, पण संसद आपापली, टॅक्स आपले, कायदे आपले. यांतली जर्सी आणि गर्न्सी ही चॅनल बेटं म्हणजे जुन्या नॉर्मंडीच्या राज्याचा उरलेला तुकडा, 1204 मध्ये इंग्लंडच्या राजाने नॉर्मंडी घालवली आणि ही बेटं तेवढी त्याच्याकडे राहिली. जर्सीहून फ्रान्सचा किनारा जेमतेम 22 किलोमीटर, इंग्लंड त्याच्या कितीतरी पट लांब. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार मात्र लंडनकडे, आणि घोडं नेमकं तिथेच अडतं.

1973 मध्ये ब्रिटन युरोपियन समुदायात, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या आधीच्या रूपात, गेलं तेव्हा या बेटांसाठी वेगळी सोय केली, प्रोटोकॉल 3 म्हणून. माल युरोपात मोकळेपणाने जाणार, कस्टम लागणार नाही, पण सेवा, बँकिंग, लोकांची ये-जा हे सगळं बाहेर. म्हणजे जर्सीचा खेकडा युरोपभर फिरू शकत होता पण ज्याचे आईवडील, आजीआजोबा सगळे जर्सीचेच आणि जो स्वतः कधी पाच वर्षं ब्रिटनमध्ये राहिला नाही अशा जर्सीकराला युरोपात राहून काम करायचा हक्क नव्हता! तरी लोकांना ते पटलं होतं, कारण त्यांना जेवढं हवं तेवढं मिळत होतं. पण तो प्रोटोकॉल टांगलेला होता ब्रिटनच्या सदस्यत्वाच्या खुंटीला. 2016 ला तिकडे सार्वमत झालं, खुंटीच निघाली, आणि बेटांनी काही ठरवायच्या आत त्यांचं युरोपशी असलेलं नातं संपणार हे ठरून गेलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते हेच.

पुढचं तर आणखी घाईत झालं. ब्रिटन आणि युरोपचा करार 24 डिसेंबर 2020 ला जुळला आणि जर्सी, गर्न्सीच्या सभागृहांना 27 डिसेंबरला, रविवारी, बसून हो की नाही ते सांगावं लागलं, कारण 1 जानेवारीपासून लागू. शेकडो पानांचा करार, मध्ये नाताळ, आणि त्यात तुमच्या समुद्रात कोण मासे पकडणार हे लिहिलेलं. दोघांनी हो म्हटलं. नाही म्हणून जाणार कुठे होते?

आता त्या बोटींचं भांडण नीट समजून घेऊ, कारण माझ्या मते सगळा विषय त्यातच आहे. जर्सी आणि नॉर्मंडीच्या मधल्या त्या उपसागरात दोन्हीकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आलेत, 1839 पासून त्यावर करारमदार आहेत, आणि 2000 साली ग्राँव्हिल उपसागराचा करार झाला त्यात परवाने, जागा, जाळी हे सगळं शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी एकत्र बसून ठरवायचं अशी पद्धत पडली होती. कुरकुरी होत्याच पण चालत होतं. नवीन कराराने ते मोडीत निघालं. आता फ्रेंच बोटीला जर्सीच्या पाण्यात यायचं तर पुरावा हवा, की 1 फेब्रुवारी 2017 ते 31 जानेवारी 2020 या काळात कुठल्यातरी सलग बारा महिन्यांत मी इथे दहापेक्षा जास्त दिवस मासेमारी केली आहे. मोठ्या बोटींवर सॅटेलाइट ट्रॅकिंग असतं, त्यांना ठीक. पण बारा मीटरपेक्षा लहान बोट, त्यावर एक तांडेल आणि फार तर एक खलाशी, पहाटे निघून दुपारी परत येणारे हे लोक, त्यांनी कुठल्या दिवशी समुद्रातली कुठली रेघ ओलांडली याची नोंद कोणासाठी ठेवायची होती? वह्या, मासळी विकल्याच्या पावत्या, असं काय काय गोळा करून दाखवा म्हणायला लागले. एप्रिलच्या शेवटी जर्सीने 41 मोठ्या बोटींना परवाने दिले ते अटींसकट, इतके दिवस, असंच जाळं, आणि फ्रेंच म्हणाले या अटी आम्हाला कोणी सांगितल्याच नव्हत्या. त्यातून ती 6 मे.

मला दोन्ही बाजूंचं वाईट वाटतं, खरंच. त्या फ्रेंच तांडेलाने ब्रेक्झिट मागितलं नव्हतं, जर्सीच्या तांडेलाने पण नाही. आणि जर्सीवाल्याचं दुखणं तर दुहेरी. त्याचा लॉब्स्टर, खेकडा, शिंपले यांचं गिऱ्हाईक समोरच्याच किनाऱ्यावर. आधी पकडला, क्रेटमध्ये भरला, जवळच्या फ्रेंच बंदरात नेऊन उतरवला, संध्याकाळपर्यंत परत. आता जर्सी युरोपच्या लेखी परका देश, त्यामुळे माल कुठून पकडला त्याचं सर्टिफिकेट, आरोग्याचं सर्टिफिकेट, आणि उतरवायचं ते कुठल्याही धक्क्यावर नाही तर ठरवून दिलेल्या बंदरातच. लॉब्स्टर जिवंत विकला जातो हो. कागदासाठी तो क्रेटमध्ये थांबला की त्याचा भाव दर तासाला उतरतो. नव्या करारात टॅरिफ, म्हणजे आयात कर, शून्य असून काय फायदा? व्यापार करार म्हटलं की सगळे टॅरिफचे टक्के बघतात, पण एवढ्याशा जागेला टक्क्यांपेक्षा कागद जास्त जड होतो, कारण मोठ्या कंपनीकडे कागद करायला माणूस असतो आणि इथे जो जाळं ओढतो त्यालाच रात्री बसून फॉर्म भरायचा असतो.

फॉकलंडला तर शून्य टॅरिफसुद्धा मिळालं नाही. दक्षिण अटलांटिकमधली ब्रिटनची बेटं, साडेतीन हजारांच्या आसपास लोक, आणि अर्थव्यवस्थेचा निम्म्याच्या आसपास भाग मासेमारीवर. 1987 मध्ये त्यांनी स्वतःच्या पाण्यात परवाने द्यायला सुरुवात केली आणि मेंढ्यांच्या लोकरीवर जगणारं बेट एकदम सावरलं. मुख्य माल स्क्विड, म्हणजे माकूळ, तो जातो स्पेनच्या व्हिगो बंदरात आणि तिथून दक्षिण युरोपातल्या ताटांत. ब्रिटन युरोपात होतं तोवर ड्यूटी नाही, क्वोटा नाही. 1 जानेवारी 2021 पासून ते बंद, कारण ब्रिटनच्या करारात या सागरापारच्या प्रदेशांना जागाच मिळाली नाही, युरोप तयार झाला नाही. मग मासळीवर 6 ते 18 टक्के टॅरिफ, मांसावर त्याहून जास्त. स्वतः करार करावा तर तो अधिकार लंडनकडे, आणि लंडनने केला त्यात हे नाहीत. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत. 2013 मध्ये याच लोकांनी आम्हाला ब्रिटिशच राहायचंय म्हणून मत दिलं होतं, विरोधात फक्त तीन मतं पडली होती. त्यांची निष्ठा अगदी मनापासूनची होती म्हणून हे मला जास्त लागतं.

मग कोणी म्हणेल की बाहेर पडणं वाईटच. तसं नाहीये, आणि त्यासाठी ग्रीनलंड बघायला हवं. 1972 च्या सार्वमतात डेन्मार्कच्या राज्यातल्या ग्रीनलंडच्या 70 टक्के लोकांनी युरोप नको म्हणून मत दिलं होतं, तरी डेन्मार्कबरोबर त्यांना आत जावं लागलं, आणि मग त्यांच्या पाण्यात दुसऱ्यांचे ट्रॉलर येऊ लागले. 1979 मध्ये स्वराज्य मिळालं, 1982 मध्ये त्यांनी स्वतःचं सार्वमत घेतलं, 53 टक्के म्हणाले बाहेर. फार मोठं बहुमत नव्हे. पण पुढे घाई केली नाही, बोलणी केली, आणि 1 फेब्रुवारी 1985 ला बाहेर पडले ते हातात करार घेऊन : युरोपच्या बोटींना मासे पकडायला देऊ, त्याचे पैसे द्या, आणि आमची मासळी ड्यूटीशिवाय घ्या. पन्नासएक हजार लोकांनी हे मिळवलं! मासे त्यांचे, मत त्यांचं, म्हणून अटीही त्यांना घालता आल्या. जर्सीकडे मासे होते, फॉकलंडकडे तर भरपूर होते, पण बोलणीच्या टेबलावर ते मासे दुसऱ्याच्या पिशवीत होते, आणि त्या पिशवीत इतर शंभर गोष्टी होत्या.

फेरो बेटांचा किस्सा पण सांगायलाच हवा. डेन्मार्कच्या राज्यातलीच, पण 1973 मध्ये युरोपात न गेलेली बेटं. 2013 मध्ये हेरिंग माशाच्या कोट्यावरून युरोपियन युनियनने त्यांच्यावर निर्बंध घातले, त्यांची हेरिंग युनियनच्या बंदरांत उतरवायला बंदी, त्यात डेन्मार्कची बंदरंही आली. आणि जागतिक व्यापार संघटनेत फेरोच्या वतीने तक्रार कोणी करायची, तर डेन्मार्कने, जो स्वतः युनियनचा सदस्य. केली पण! पुढच्या वर्षी निर्बंध उठले. मोठ्या देशाने मनावर घेतलं तर स्वतःच्या गटाविरुद्धही लहान बेटासाठी उभं राहता येतं, त्यामुळे जमत नाही हे उत्तर मला पटत नाही.

जर्सीच्या हातात जे थोडंफार होतं तिथे त्यांनी केलंही. इमिग्रेशन त्यांचं त्यांच्याकडे आहे. ऑक्टोबर 2021 पासून पासपोर्ट सक्तीचा झाला आणि नॉर्मंडीहून एका दिवसासाठी येणारे फ्रेंच पाहुणे अडले, कारण घरात ओळखपत्र सगळ्यांच्या असतं, पासपोर्ट नसतो. 2023 मध्ये जर्सीने डे-ट्रिपवाल्यांसाठी ओळखपत्र चालेल असं केलं. आता माणूस सकाळी फेरीतून उतरतो, कार्ड दाखवतो, दिवसभर फिरतो, संध्याकाळी परत जातो. त्याच समुद्रातून उलट्या दिशेला जाणारा लॉब्स्टरचा क्रेट मात्र अजून सर्टिफिकेटची वाट बघतो.