पुढच्या दगडापर्यंत

आमच्या इंदूरच्या मराठी घरांना दरवर्षी दोन श्रावण मिळतात. गुरुपौर्णिमा झाली की दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्यांचा 'सावन' लागतो, आपला मात्र पंधरा दिवसांनी, दिव्यांच्या अवसेनंतर. या मधल्या पंधरवड्यात आम्ही गल्लीतली मंडळी ओंकारेश्वरला पायी जातो. पंढरीची वारी ती पंढरीचीच, पण आमच्याकडे या चालण्यालाही वारीच म्हणतात. जवळपास 80 किलोमीटर, चार दिवस, तीन मुक्काम.

यंदा अकरा जण होतो. पहाटे चारला राजवाड्यासमोर अहिल्यामाईंच्या पुतळ्याला हात जोडले, तेजाजी नगरच्या पुढे पोहे-जलेबी खाल्ली आणि संध्याकाळी सिमरोलला टेकलो. तिथे मी ते बोलले.

झालं होतं एवढंच, की पाण्याच्या कॅनचं झाकण सैल राहिलं आणि माझं सगळं अंथरूण भिजलं. कॅन भरून आणला होता माझ्या नणंदेच्या सुनेने. पाय ठणकत होते, कंबर धरली होती. "एवढंही आईने शिकवलं नाही का गं?" सगळ्यांसमोर म्हणाले. तिची आई फाल्गुनात गेली. हे मला माहीत होतं. बाराव्याला मी तिच्या शेजारीच बसले होते. तरीही तोंडातून तेच निघालं. ती काही बोलली नाही. स्वतःची सतरंजी माझ्या उशाशी ठेवली आणि बाहेर पडवीत जाऊन बसली.

रात्रभर मी त्या कोरड्या सतरंजीवर जागी होते.

सकाळी अण्णा माझ्या बरोबरीने चालू लागले. अण्णा पंचाहत्तरीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी याच रस्त्यावर इंदूर-खंडवा बस चालवली. कालचा विषय त्यांनी काढलाच नाही. पुढे भेरूघाट लागणार होता, त्याबद्दल बोलत होते. "घाट उतरताना ब्रेकवर पाय दाबून बसलं ना, की लायनर तापतो. मग नेमका खालच्या वळणावर ब्रेक लागत नाही. म्हणून उतार लागायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा. गाडी चालते, पण सुटत नाही." थोडं चालून म्हणाले, "राग आला की चालत राहा. बोलायचं ते पुढच्या किलोमीटरच्या दगडापाशी पोचल्यावर. तिथे पोचल्यावरही बोलावंसं वाटलं तर बोलायचंच. गिळायचं नाही."

हे शेवटचं मला फार लागलं. शांत राहणं म्हणजे गिळणं, अशीच माझी समजूत होती, कारण घरात तेच पाहिलेलं. माझ्या आईने चाळीस वर्षं गिळलं आणि एका भाऊबीजेला, ओवाळणीचं ताट हातात असताना, ते सगळं एकदम बाहेर पडलं. मामा पुन्हा आमच्याकडे आला नाही. तिचा तो ब्रेक कधीपासून तापत आला असेल, हे घाट उतरताना पहिल्यांदा मनात आलं.

घाटात समोरून कावडिये चढत होते, ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी घेऊन महाकालाला निघालेले. 'बोल बम'चा गजर, ट्रकवरचे भोंगे, त्यातच गाड्यांची रांग. एका वळणावर मागून कार अगदी अंगावर आली आणि काच खाली करून एक मुलगा ओरडला, "ओ आंटी, सड़क खरीद ली क्या?" माझे कान तापले. जिभेवर इंदुरी हिंदीतलं चांगलं खणखणीत उत्तर तयार होतं. अण्णांनी नुसतं पुढे बोट केलं.

चौपदरीकरणाच्या कामात बरेच दगड उखडले गेलेत, त्यामुळे पुढचा दगड चांगलाच लांब निघाला. सुरुवातीला मी मनात वाक्यंच रचत होते, एकाहून एक धारदार. मग उताराने गुडघे बोलू लागले. मग करवंदीच्या जाळीतून वाहणारं पाणी दिसलं, तिथे तोंड धुतलं. दगडापाशी पोचले तेव्हा त्या मुलाला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. एक गोष्ट मात्र उरली होती: आम्ही तिघी वळणावर शेजारी-शेजारी चालत होतो. मागे वळून म्हटलं, "बायांनो, घाट संपेपर्यंत एकामागे एक."

दुसरा मुक्काम बलवाड्याला झाला. तिसऱ्या दिवशी बडवाहच्या वाटेवर मी भाचेसुनेला गाठलं. "परवा मी आईचं नाव काढलं. फार वाईट बोलले."

तिने लगेच "असू दे, मामी" म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती चालत राहिली. माझी ओढणी वाऱ्याने खांद्यावरून घसरत होती, ती सावरायचंही मला सुचेना. दगड आला तेव्हा तिथे थांबून ती म्हणाली, "झाकण माझ्याकडूनच सैल राहिलं. त्याबद्दल ओरडला असता तर चाललं असतं. पण आईने मला सगळं शिकवलं होतं, मामी."

मी "हो" म्हटलं. दमले होते, पाय दुखत होते, हे सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिचं उत्तर तीन दिवस चालून आलं होतं. त्याच्यावर माझी सबब ठेवायची नव्हती.

चौथ्या दिवशी मोरटक्क्याचा पूल ओलांडला. खाली नर्मदा गढूळ, दुथडी. 1978 पासून आमच्या इंदूरच्या नळांना हिचंच पाणी येतं, जलूदहून विंध्य चढवून. रोज पितो, आणि दर्शन असं वर्षातून एकदा. सगळ्यांनी पुलावरून हात जोडले. तेवढ्यात फोन वाजला. धाकट्या दिरांचा मेसेज होता: आईंना आम्हीच किती दिवस सांभाळायचं, तुम्हाला फिरायला वेळ आहे.

तिथेच उभी राहून मी अकरा ओळी लिहिल्या. कोणत्या वर्षी आईंच्या ऑपरेशनला कोण रात्री जागलं, इथपासून सगळं. अंगठा पाठवायच्या खुणेवर होता. पुलापलीकडे पाटी दिसली, ओंकारेश्वर 12. फोन झोळीत टाकला.

दर्शन झालं, झुल्या पुलावरून मामलेश्वरला जाऊन आलो, घाटाच्या पायरीवर भाचेसून माझ्या टाचांना खोबरेल चोळत बसली होती. मी फोन काढला. अकरा ओळी वाचल्या, खरं म्हणजे त्यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्या खोडल्या आणि लिहिलं, "भाऊजी, आईंना नारळी पौर्णिमेपासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे आणते. 'फिरायला' हा शब्द मला लागला, त्याबद्दल घरी आल्यावर समोर बसून बोलू."

भाचेसुनेला वाचून दाखवलं. तिने दुसरी टाच हातात घेतली आणि म्हणाली, "पाठवा."