पौर्णिमेची ओहोटी आणि मोऱ्याची लाँच

मुंबईहून उरणला जायला आता तीन वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेचे पुरस्कर्ते उरलेल्या दोघांना वेड्यात काढतात. ज्यांच्याकडे मोटार आहे ते जानेवारी २०२४ पासून शिवडीला अटल सेतूवर चढतात आणि जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल ओलांडून, टोलबद्दल कुरकुरत, पलीकडे उतरतात. त्याच सुमारास उरणपर्यंत लोकलही पोहोचली, त्यामुळे नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलण्याची तयारी असेल तर आता थेट रुळांवरून जाता येते. तिसरी वाट सर्वांत जुनी, भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचची. माझे मत या तिसऱ्या वाटेला आहे. हार्बर लाइनवर संध्याकाळी दुसऱ्याच्या पिशवीखाली हात अडकवून उभे राहण्यापेक्षा पाऊण तास उघड्या वाऱ्यावर बाकावर बसून जाणे कोणत्याही शहाण्या माणसाला पटावे. तरीही माघी पौर्णिमेच्या संध्याकाळी या लाँचमध्ये जे घडले, त्याने माझा जो संताप झाला तो अजून पुरता ओसरलेला नाही.

मावसबहिणीने उरणला बोलावले होते. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन मी डॉकयार्ड रोड स्थानकावर उतरले आणि ट्रकच्या रांगांमधून वाट काढत धक्क्यावर पोहोचले. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण अजिंक्य नावाच्या गृहस्थांनी धक्का बांधला, त्यांना लोक भाऊ म्हणत, आणि त्यांचे नाव या जागेने आजवर टिकवून ठेवले आहे. पहाटे येथे मासळीचा लिलाव चालतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. दुपारी चारच्या सुमारास मात्र बर्फाचा चुरा, रिकाम्या टोपल्या आणि ओल्या फरशीवर आडवी झालेली मांजरे एवढेच शिल्लक असते. वासाविषयी तक्रार करणाऱ्यांनी येथे येऊ नये. तो धक्क्याचा हक्काचा वास आहे.

खिडकीवर तिकीट मागितले, ते लगेच मिळाले. खिडकीशेजारी भिंतीला टेकवलेला एक काळा फळा होता आणि त्यावर खडूने काही वेळा लिहिलेल्या होत्या, परंतु वर तारीख नव्हती आणि निम्मी अक्षरे कोणाच्या तरी पाठीला लागून पुसली गेली होती. लाँच किती वाजता सुटेल एवढे विचारले. ‘भरली की सुटेल’ असे उत्तर आले, आणि ती खरोखरच भरल्याबरोबर सुटली.

पहिला अर्धा तास निव्वळ सुखाचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून मोठी जीवितहानी झाली होती. तेव्हापासून नारिंगी जाकिटांचा आग्रह वाढला आहे. आमच्याही लाँचवर ती वाटली गेली आणि बहुतेकांनी ती पाठीमागे उशी म्हणून ठेवली. माझगावच्या गोदीतल्या राखाडी युद्धनौका मागे पडल्या, डाव्या हाताला तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप आले, त्यामागे घारापुरीचे डोंगर दिसू लागले आणि समोर न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन उभ्या राहिल्या. माझ्या शेजारी टेबल-फॅनचा खोका मांडीवर घेतलेले एक गृहस्थ होते. वाऱ्याने खोक्याचे झाकण फडफडत होते आणि ते एका हाताने खोका व दुसऱ्या हाताने स्वतःची टोपी धरून बसले होते.

मग इंजिनाचा आवाज बदलला. आधी तो खाली आला, नंतर मध्येच चढला, पुन्हा खाली आला, आणि लाँचच्या मागे उसळणारे पाणी हिरवट होते ते चहाच्या रंगाचे झाले. एक तरुण खलाशी नाळेवर, म्हणजे लाँचच्या पुढच्या टोकावर, गेला आणि त्याने लांब बांबू पाण्यात सोडला. बांबू फार आत गेला नाही. त्याने तो वर काढून तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, दाखवला तेव्हा खालचा हातभर भाग काळ्या चिकट गाळाने माखला होता. तांडेलाने मान हलवली, यंत्र मागे घेऊन पाहिले, एकदा डावीकडे वळवून पाहिले आणि मग बंद करून टाकले. एकाएकी इतकी शांतता झाली की खोक्याच्या झाकणाची फडफडसुद्धा मोठ्याने ऐकू येऊ लागली. मोऱ्याची जेटी समोर होती. जेटीवर उभी असलेली माणसे, त्यांच्या हातातल्या पिशव्या, एका मुलीची लाल रिबीन सगळे स्पष्ट दिसत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढेच अंतर. आणि या अंतरात पाणी नव्हते.

लाँच रुतली होती. मोऱ्याच्या बंदरात गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला बोटी अडकतात, हे उरणकरांना नवे नाही. गाळ काढण्याच्या मागण्या होतात, तो काढलाही जातो आणि पुन्हा साचतो. मला आश्चर्य वाटले ते गाळाचे नाही. लाँच थांबल्यावर साऱ्या प्रवाशांत कोणीही दचकले नाही, कोणी तांडेलाला जाब विचारला नाही, कोणी ‘काय झालं’ एवढेही म्हटले नाही. अनेकांनी पिशव्यांतून डबे काढले. एका बाईंनी मांडीवरच्या झोपलेल्या मुलाला बाकावर सरळ निजवून त्याच्या डोक्याखाली जाकीट दिले, म्हणजे मुक्काम लांबणार याची त्यांना पुरती कल्पना होती. फॅनवाल्या गृहस्थांनी घरी फोन लावून फक्त ‘रुतलो’ एवढाच शब्द उच्चारला आणि तो बंद केला.

समोरच्या बाकावर रिकामी पाटी पायाशी ठेवून एक वयस्क बाई बसल्या होत्या. माझी चुळबुळ पाहून त्यांनीच विचारले, “पहिल्यांदाच आलीस का बाय?”

“नाही मावशी, येते अधूनमधून. पण सकाळच्या लाँचने येते. हे किती वेळ चालणार?”

“आज पुनव हाय. पुनवेच्या सांच्याला मोऱ्याला पानी कुठं आसतंय? आता पानी चढल्याबिगार नाय हलत ही.”

मग त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. तो किनाऱ्यावर सर्वत्र ठाऊक असलेला आणि मी शाळेत कधीच न शिकलेला हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. त्यानंतर सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी पूर्ण होते, म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी ती संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या दरम्यान तळाला जाते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरतीला पाणी फार वर येते आणि ओहोटीला तितकेच खाली उतरते. मुंबईत अशा दिवसांत दोन्हींमधला फरक चार मीटरांच्याही पुढे जातो. कोळी लोक याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या आसपासच्या मरगळलेल्या पाण्याला भांग. मावशींना यातले कारण सांगायचे नव्हते, त्यांना वेळ सांगायची होती. आमची लाँच पाचच्या सुमाराला मोऱ्यासमोर पोहोचणार हे गणित त्यांनी भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवतानाच मांडले होते. तरीही त्या चढल्या होत्या, कारण पुढच्या लाँचची वाट धक्क्यावर पाहणे आणि या लाँचमध्ये बसून पाहणे यात त्यांच्या लेखी काही फरक नव्हता, आणि येथे निदान बसायला बाक होता.

“पण मावशी, तिकडे खिडकीवर कुणी सांगितलं कसं नाही?”

“तू इचारलंस का?”

माझा संताप होतो तो येथे. मी काय विचारायला हवे होते? भरलेल्या लाँचचे तिकीट देणाऱ्या माणसाला ‘ही पोहोचेल ना’ असे विचारायचे असते, हे प्रवाशाने कोठून शिकावे? लोकलमध्ये आम्हाला पुढचे स्थानक तीन भाषांत सांगितले जाते, गाडी उशिरा आली तर ‘होणाऱ्या असुविधेबद्दल खेद’ व्यक्त केला जातो; तो खेद कितपत खरा आहे हा भाग वेगळा, पण गाडी उशिरा आहे हे निदान कळते. आणि लोकलचा उशीर आधी ठाऊक नसतो. ओहोटी तर वर्षभर आधी छापून तयार असते! ती कोणत्याही पंचांगात आहे, बंदराच्या तक्त्यात आहे, तांडेलाच्या डोक्यात आहे, पाटी घेऊन बसलेल्या बाईच्या बोटांवर आहे. ती नव्हती फक्त फळ्यावर, जेथे एका खडूच्या तुकड्याने काम भागले असते.

आपल्याकडचा बराचसा प्रवास असाच चालतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. खोटे कोणी बोलत नाही. माहिती लपवूनही कोणी ठेवत नाही. पण विचारल्याखेरीज सांगणे हे आपले काम आहे असे कोणाला वाटत नाही. एसटीचा थांबा रस्त्याच्या पलीकडे गेलेला असतो आणि ते चहाच्या टपरीवाल्याला ठाऊक असते. सरकारी कचेरीची खिडकी दीड वाजता बंद होते आणि ते रांगेतल्या चौथ्या माणसाला ठाऊक असते. नवख्याने आधी तोंडघशी पडायचे, मग भोवतालचे दहाजण धावून येऊन त्याला सगळे समजावून सांगतात, पाणी देतात, रिक्षात बसवून देतात. सहप्रवाशांचा हा चांगुलपणा खराच आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण तो आहे म्हणूनच फळा पुसलेला राहिला तरी चालून जाते, हेही तितकेच खरे आहे. तिकिटाचे पैसे खिडकी घेते आणि तिचे अर्धे काम प्रवासीच एकमेकांसाठी फुकटात करतात.

तो चांगुलपणा मलाही त्या संध्याकाळी भरपूर मिळाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मावशींनी ओच्यातून शेंगदाणे दिले. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने माझ्या फोनची बॅटरी संपत आलेली पाहून न मागता स्वतःची पॉवर बँक पुढे केली. आणि अडकलेल्या बोटीत कोणीतरी जी गोष्ट काढतोच, ती मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी काढली. १७ जुलै १९४७ रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या गावांत त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगितली जाते. आजोबांचा जन्म तेव्हा झालेला नसावा, तरी त्यांनी ती डोळ्यांनी पाहिल्याप्रमाणे सांगितली. खाली जेमतेम गुडघाभर पाणी आणि छातीपर्यंत चिखल असलेल्या लाँचमध्ये बुडण्याची कथा ऐकताना मला हसू आवरेना. मावशींनी डोळे वटारले तेव्हा मी गप्प बसले.

दरम्यान पाणी आणखी उतरले आणि लाँचच्या एका अंगाला गाळाचा चकाकता पट्टा उघडा पडला. त्यावर निवट्या बाहेर आल्या. मासा असून चिखलावर पुढच्या परांनी सरपटणारा हा बोटभर लांबीचा जीव मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होते. डोक्याच्या अगदी माथ्यावर बेडकासारखे बटबटीत डोळे, एखादी निवटी मध्येच एक डोळा खोबणीत ओढून घेई आणि पुन्हा बाहेर काढी, आणि दुसरी जवळ आली की दोघी पाठीवरचे पर ताठ उभे करून समोरासमोर ठाकत. खलाशी मुलाने सांगितले की त्याचे चुलते गाळात हात घालून या पकडतात आणि कालवण फार चांगले होते. मी पाहण्यात गुंग असताना तो कालवणाची कृतीही सांगून मोकळा झाला.

लाँच कधी तरंगली ते कोणालाच नेमके कळले नाही. अंधार पडू लागला होता; तळाला कोठेतरी घसटल्याचा आवाज आला, बाक किंचित डोलला आणि मावशींनी पाटी उचलून काखेत मारली. यंत्र सुरू झाले तेव्हा मात्र मघापासून निवांत बसलेली सगळी माणसे एकदम उठली आणि जेटी लागण्यापूर्वीच कठड्याशी गर्दी करून उभी राहिली. दोन तास न कुरकुरता बसलेल्या माणसांना शेवटचे दोन मिनिटे का धीर धरवत नाही, हे मला अद्याप समजलेले नाही. पायऱ्या शेवाळाने निसरड्या झाल्या होत्या. फॅनचा खोका माझ्या डोक्यावरून पुढे सरकवण्यात आला, मीही त्याला हात लावला, आणि तो त्या गृहस्थांच्या आधी उरणला पोहोचला.

उरणमध्ये पिरवाडीचा किनारा पाहिला, द्रोणागिरीला अर्ध्यावर जाऊन परत आले आणि मावसबहिणीच्या हातचे भरपूर खाल्ले.

परतीच्या दिवशी माघ वद्य द्वितीया होती. दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला भरती. सकाळची लाँच घ्यायची नाही एवढे मी घरीच ठरवले होते. मोऱ्याच्या खिडकीवर अकराच्या सुमाराला तिकीट घेताना मी तरीही मुद्दाम विचारले, “आज पाणी कसं आहे?”

“आत्ता भरपूर आहे ताई. सकाळी सात-साडेसातला नव्हतं. संध्याकाळचं असेल तर साडेसहानंतर निघूच नका.” त्या माणसाने मान वर न करता, अत्यंत नेमके आणि सौजन्याने उत्तर दिले.

“मग हे रोज फळ्यावर का लिहीत नाही?”

आता त्याने मान वर केली. “फळा तिकडे धक्क्यावर आहे,” तो म्हणाला, “आमच्याकडे फळाच नाही,” आणि माझ्या मागच्या माणसाला सुटे पैसे मागू लागला.