बफर कमी केला, तरी आवाज मागूनच का येतो?

संगणकावर गाणे रेकॉर्ड करताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून, म्हणजे उशिरा, येऊ लागला की गाणारा नकळत लयीत मागे पडतो. माझा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ सॅम्पलवर होता. ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) ते ११.६ मिलिसेकंद होतात, आणि तेही एकाच बाजूचे. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना पुन्हा, म्हणजे २३ च्या वर. कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारा भाग) आणि ड्रायव्हरचा वेळ त्याहून वेगळा.

विंडोजचा साधा ड्रायव्हर सोडून आधी ऑडिओ इंटरफेसचा (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या पेटीचा) स्वतःचा एएसआयओ, म्हणजे कमी उशिराचा, ड्रायव्हर निवडला आणि बफर १२८ केला. ६४ वर मात्र कडकड सुरू झाली. तिथे दर १.४५ मिलिसेकंदाला पुढचा तुकडा तयार लागतो. एकदा चुकला की पॉप ऐकू येतोच. सीपीयू मीटर ३० टक्के दाखवत असला तरी फसू नका, तो सरासरी दाखवतो. लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर संगणकाला अडवतो ते दाखवणारे सॉफ्टवेअर) चालवल्यावर वाय-फायचा ड्रायव्हर मध्ये अडकून पडताना दिसला. रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय बंद केले, पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर नेला आणि इंटरफेसची केबल हबमधून काढून थेट संगणकाला जोडली.

तरीही उशीर उरलाच. कारण मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आउटपुटवर) लुकअहेड लिमिटर आणि लिनिअर फेज ईक्यू होते; हे इफेक्ट पुढचा आवाज आधी पाहण्यासाठी तो थोडा रोखून धरतात. त्यांचा उशीर बफर कमी करून जात नाही. गाताना ते बंदच हवेत.

नवा टेक (नवे रेकॉर्डिंग) जुन्या ट्रॅकवर नेमका बसतो का, हे मोजायला लूपबॅक करा. लाइन आउटपुटमधून लाइन इनपुटला केबल, फँटम पॉवर (माइकला जाणारी वीज) बंद, त्या ट्रॅकचे मॉनिटरिंगही बंद (नाहीतर फीडबॅक होईल). क्लिक वाजवून रेकॉर्ड करा, झूम करून मूळ क्लिक आणि रेकॉर्ड झालेली क्लिक यांच्या सुरुवातींमधले सॅम्पल मोजा. ड्रायव्हरने सांगितलेल्या वेळेची भरपाई होऊनही फरक उरला, तर तो आकडा रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ऑफसेट म्हणून घाला आणि पुन्हा मोजा. सॅम्पल रेट बदलला की ही चाचणी परत करावी.

गाण्यासाठी मी आता डायरेक्ट मॉनिटरिंगच (आवाज संगणकात न जाता इंटरफेसमधूनच हेडफोनला) वापरतो. आपला आवाज हाडांतूनही कानात पोचतो, त्यामुळे ५ मिलिसेकंदांनीही तो पोकळ वाटतो. कोरडा (इफेक्टशिवायचा) आवाज थेट इंटरफेसमधून आणि सॉफ्टवेअरमधून फक्त पूर्ण वेट रिव्हर्ब, म्हणजे मूळ आवाज वगळून नुसता घुमारा, घ्यावा. रिव्हर्बला थोडा उशीर प्री-डीलेसारखा (घुमारा सुरू होण्याआधीच्या मुद्दाम ठेवलेल्या अंतरासारखा) शोभतो. मिक्सिंगला बसताना बफर १०२४.